वस्तू गेली, तिचा उजेड मागे राहिला: लग्नाच्या एका फोटोचं प्रकरण

लग्नात एकापाठोपाठ काढलेल्या सात फ्रेमची मालिका होती. चौथ्या फ्रेममध्ये नवरा-नवरी एकमेकांकडे बघून खळखळून हसताहेत. तिची मान किंचित मागे गेलेली, त्याचे डोळे हसण्यानं बारीक झालेले. तिसऱ्या फ्रेममध्ये दोघांची नजर मंचाच्या पायरीवर होती, पाचव्यात तिनं हात तोंडाशी नेला. म्हणजे ते हसू कॅमेऱ्यात एकदाच सापडलं. शेकडो फोटोंतून त्यांनी भिंतीवर लावायला हाच निवडला, आणि निवड अगदी बरोबर होती.

त्या दोन चेहऱ्यांभोवती मात्र नको तेवढा पसारा होता. डाव्या कडेनं एका पाहुण्याचा खांदा, कोपर आणि उंच धरलेला मोबाइल फ्रेममध्ये घुसलेला. मोबाइलच्या पडद्यावर याच दोघांची छोटीशी, झगझगीत प्रतिमा. त्या कोपरानं नवरदेवाच्या उजव्या हाताची बाही मनगटापाशी झाकली होती. उजव्या कडेला, नवरीच्या मागे थोड्या अंतरावर, आतून लाल उजेड असलेला उभा दिशादर्शक फलक. त्यावर ठळक अक्षरं आणि बाण. नवरदेवाच्या डोक्यामागे वरती बाहेर जायच्या वाटेची हिरवी पाटी, फ्रेमच्या कडेनं अर्धी कापलेली. जमिनीवर दोघांच्या पायांपुढून तिरकी गेलेली जाड काळी केबल. मागे एकावर एक रचलेल्या खुर्च्या, उजव्या भिंतीवर स्विचबोर्ड.

फोटो माझ्या सहकारी फोटोग्राफरनं काढलेला, एडिटिंग माझ्याकडे. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली; ६००० बाय ४००० पिक्सेल; आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२००, आणि ती इतकी वाढवली की फोटोवर बारीक दाणा येतो. प्रिंट हवी होती ३६ बाय २४ इंचांची. नवरीचा निरोप एका ओळीचा होता: "ताई, आम्ही दोघं सोडून बाकी सगळं काढून टाका."

मी ते शब्दशः घेतलं, आणि पहिली चूक तिथंच झाली.

वीस मिनिटांचं काम

फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल मे २०२३ मध्ये चाचणी आवृत्तीतून आलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सगळ्यांना खुलं झालं. नको असलेल्या वस्तूभोवती रेघ ओढून सिलेक्शन करायचं, सूचनेची जागा रिकामी ठेवायची आणि बटण दाबायचं. तीन पर्याय समोर येतात, त्यातला बरा वाटेल तो ठेवायचा. पाहुणा, फलक, पाटी, केबल, खुर्च्या, स्विचबोर्ड असं एकेक करत मी वीसेक मिनिटांत फोटो रिकामा केला. मोबाइलवर पाठवला. दोघांनाही तो फार आवडला. मलाही आवडला होता, हे इथं लिहायलाच हवं, कारण मोबाइलच्या पडद्यावर त्यात खरोखर काहीच खटकत नव्हतं.

मोठ्या प्रिंटच्या आधी मी नेहमी चाचणीच्या पट्ट्या काढते. अख्खा फोटो लहान करून नाही, तर अंतिम प्रिंटच्याच मापात, त्यातले दोन-तीन तुकडे. या पट्ट्या बघायला दोघं आले होते. नवरदेवानं डावी पट्टी हातात घेतली, थोडा वेळ बघितली आणि म्हणाला, "माझ्या बाहीला इथं बटण होतं." नवरीचं लक्ष उजव्या पट्टीवर. तिनं विचारलं, "ताई, या भिंतीत दार कुठे होतं?"

दोघांचंही म्हणणं खरं होतं. कोपर काढल्यावर सॉफ्टवेअरनं जी बाही रचली ती गुळगुळीत, बिनबटणाची होती, आणि तिची एक चुणी मनगटाच्या उलट्या दिशेला वळलेली. लाल फलकाच्या जागी भिंत यायला हवी होती, तिथं एक अंधुक दार आलं होतं, मुठीसकट. पडद्यावर हे दार मला दिसलं होतं, पण ते त्या सभागृहाचंच असेल असं मी धरून चालले. मी तिथं गेलेच नव्हते.

मला तिसरी गोष्ट दिसली. ती त्या दोघांना दिसली नाही, पण एकदा दिसल्यावर माझी नजर तिथून हलेना. फलक गेला होता आणि त्याचा लाल उजेड जागच्या जागी होता. नवरीच्या फिकट रंगाच्या बाहीची मागची कड लालसर, मनगटावर लाल झाक, आणि चकचकीत फरशीवर लाल रंगाचा एक लांब ओघळ, जो कुठूनच येत नव्हता. फोटो बघणारा माणूस हे शब्दांत सांगू शकणार नाही. त्याला फक्त काहीतरी चुकल्यासारखं वाटेल, आणि कारण कळत नाही म्हणून ते वाटणं जातही नाही.

मी दोघांना सांगितलं की हे काम मी पहिल्यापासून करते, मला चार दिवस द्या.

कोणतं हत्यार कुठून आणतं

पहिल्या फेरीत काय बिघडलं हे समजायला ही हत्यारं आतून काय करतात ते बघावं लागतं. क्लोन स्टॅम्प सगळ्यांत साधा: ऑल्ट दाबून जिथं क्लिक कराल तिथले पिक्सेल उचलतो आणि दुसरीकडे जसेच्या तसे ठेवतो. २००२ साली फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीत आलेला हीलिंग ब्रश याहून हुशार आहे. तो पोत घेतो उचललेल्या जागेचा, पण रंग आणि उजेड जुळवतो नव्या जागेच्या कडेशी. २०१० मध्ये सीएस ५ आवृत्तीत कंटेंट-अवेअर फिल आलं. त्यामागे आदल्याच वर्षी प्रसिद्ध झालेली पॅचमॅच ही पद्धत आहे: रिकाम्या जागेत बसतील असे लहान लहान तुकडे याच फोटोतून भराभर शोधायचे आणि जोडायचे.

या तिन्हींत एक गोष्ट समान आहे. ती जे काही भरतात ते याच फोटोतलं असतं. जनरेटिव्ह फिल तसं नाही. ते इतर असंख्य चित्रांवरून शिकलेलं आहे. अशा जागी साधारणपणे काय असतं याचा अंदाज ते रंगवतं. सभागृहाच्या भिंतीत दार असतं, म्हणून दार. अंदाज पटण्याजोगा होता, पण तो या सभागृहाचा नव्हता आणि ती बाही या माणसाची नव्हती.

त्यात आकाराचाही प्रश्न होता. मी वापरलेल्या आवृत्तीत एका वेळी भरली जाणारी जागा मूळात १०२४ पिक्सेलच्या चौकोनात तयार व्हायची आणि सिलेक्शन त्याहून मोठं असेल तर ताणून बसवली जायची. फलकाची उंची सुमारे १९०० पिक्सेल. म्हणून तो भाग आजूबाजूपेक्षा मऊ दिसत होता, आणि आयएसओ ३२००मुळे बाकी फोटोवर जो बारीक दाणा होता तो तिथं अजिबात नव्हता. मोबाइलवर हे सगळं झाकलं जातं, कारण तिथं ६००० पिक्सेल जेमतेम हजारभर पिक्सेलांत कोंबलेले असतात.

तरी या हत्याराला मी वाईट म्हणणार नाही. आकाश, गवत, दूरचा धूसर भाग, साधी भिंत इथं ते उत्तम काम करतं आणि तासांचं काम मिनिटांवर आणतं. माणसाच्या अंगावर, कपड्यावर, हातावर मात्र मी ते आता चालवत नाही. ज्या घरात फोटो लागायचा आहे त्या घरातल्यांना ती बाही ठाऊक असते.

दुसरी फेरी: आधी बघणं

दुसऱ्या वेळी पहिला तासभर मी काहीच काढलं नाही. फोटो बोटभर लहान करून बघितला, मग गॉशियन ब्लर देऊन पार धूसर करून बघितला, मग आडवा उलटवून. लहान आणि धूसर फोटोत फक्त उजेडाचे आणि रंगाचे ठिपके उरतात. त्यातला कोणता ठिपका चेहऱ्यांच्या आधी डोळ्यांत भरतो ते लगेच कळतं. इथं क्रम स्पष्ट होता. लाल फलक सगळ्यांत पुढे, मग मोबाइलचा पडदा, मग हिरवी पाटी. अक्षरं दिसली की आपण वाचतोच, ठरवलं नाही तरी. चेहऱ्यांचंही तसंच. सोव्हिएत शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बस यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर नजरेच्या हालचालींवर जे प्रयोग केले त्यात चित्र बघणाऱ्याची नजर माणसांच्या चेहऱ्यांकडे पुन्हा पुन्हा वळताना दिसते. म्हणून त्या मोबाइलच्या पडद्यावरचे इवलेसे चेहरे मला खुर्च्यांच्या सबंध ढिगाऱ्यापेक्षा जास्त त्रासदायक वाटले.

आणि खुर्च्या? धूसर फोटोत त्या दिसतच नव्हत्या. पहिल्या फेरीत त्या काढून मी मागची सगळी खोली नाहीशी केली होती; जोडपं एका निर्जीव, करड्या पोकळीत उभं असल्यासारखं दिसत होतं. या वेळी खुर्च्या ठेवल्या. कर्व्ह्ज लेयरनं (लेयर म्हणजे मूळ फोटोवर ठेवलेला, कधीही बंद करता येणारा वेगळा थर; कर्व्ह्ज म्हणजे रेषा ओढून उजेड-अंधार कमी-जास्त करायची सोय) थोड्या काळवंडल्या, रंगाची तीव्रता निम्म्यावर आणली, त्यांच्या चमकत्या कडा तेवढ्या दाबल्या. पाच मिनिटांचं काम. एडिटिंगमध्ये नव्यानं आलेल्यांना मी हे आवर्जून सांगते: नको ती वस्तू काढायच्या आधी ती मंद करून बघा. निम्म्याहून अधिक वेळा तेवढ्यानं भागतं, आणि जे काढलंच नाही त्याचे सांधे दिसायचा प्रश्न येत नाही.

मग कात्री. वरून २४० पिक्सेल आणि उजवीकडून ३६० पिक्सेल कापल्यावर हिरवी पाटी गेली, स्विचबोर्ड गेला, फलकाचाही तिसरा हिस्सा गेला. उरला ५६४० बाय ३७६० पिक्सेलचा फोटो, आधीच्याच प्रमाणात. ३६ इंचांवर इंचाला सुमारे १५७ पिक्सेल पडतात. अल्बमच्या पानासाठी ३०० धरतात, पण भिंतीवरची एवढी प्रिंट कुणी नाकाशी धरून बघत नाही. दोन-तीन पावलांवरून १५७ पुरतात. क्रॉप करणं हे सगळ्यांत प्रामाणिक काढणं आहे, आणि का कोण जाणे, सगळ्यांत शेवटी सुचतं.

शेजारच्या फ्रेम

आता पाहुण्याचं कोपर. त्यामागे खरोखर काय होतं हे चौथ्या फ्रेमला ठाऊक नव्हतं, पण शेजारच्या फ्रेमना ठाऊक होतं. फोटोग्राफरनं निवड करताना बाजूला काढलेल्या सहा फ्रेम सुदैवानं डिलीट केल्या नव्हत्या. सहाव्या फ्रेममध्ये पाहुण्यानं हात खाली घेतला होता. बाही पूर्ण दिसत होती. बटणही.

आणि तिथं, नवरदेवाच्या खांद्यामागे, एक बाई उभ्या होत्या. चौथ्या फ्रेममध्ये मोबाइलनं त्यांचा चेहरा झाकला होता. कपाळ आणि केसांची कड तेवढी दिसत होती, आणि पहिल्या फेरीत मी तो उरलेला तुकडाही पाहुण्याबरोबर पुसून टाकला होता. सहाव्या फ्रेममध्ये त्या दोघांकडे बघून हसत होत्या.

मी तो भाग कापून नवरीला पाठवला आणि विचारलं, या कोण? उत्तर आलं: "अहो ताई, ती माझी आत्या! ती तिथं उभी होती हे मला माहीतच नव्हतं." थोड्या वेळानं दुसरा निरोप: "ती राहू दे. दिसू दे."

तेव्हापासून फोटोतला कुठलाही माणूस, अर्धा असो की पाव, तो कोण हे विचारल्याशिवाय मी काढत नाही. विचारायला दोन मिनिटं लागतात. जोडप्याला माहीत नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारायला सांगते. लग्नाच्या दिवशी जोडप्याला अर्धी माणसं दिसतच नसतात. पाहुण्याचीही चौकशी केली. ते नवरदेवाच्या कार्यालयातले होते आणि त्यांचे समोरून काढलेले फोटो अल्बममध्ये होते, तेव्हा त्यांचा खांदा या एका फोटोतून काढायला कुणाची हरकत नव्हती.

कामाचा क्रम असा ठेवला. चौथी आणि सहावी, दोन्ही रॉ फाइलना एकच व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा), एकच एक्स्पोजर (उजेडाची पातळी), लेन्सचं तेच करेक्शन आणि नॉइज, म्हणजे दाणा, कमी करण्याची तीच मात्रा. हे आधी केलं नाही तर नंतर जोडलेला तुकडा दाण्यावरून ओळखू येतो. मग दोन्ही एकाच फाइलमध्ये लेयर म्हणून घेतल्या आणि दोन फ्रेम आपोआप एकमेकींवर जुळवणारं ऑटो-अलाइन लेयर्स चालवलं. कॅमेरा हातात होता, त्यामुळे फ्रेम चार बोटं सरकलेली. मागची भिंत जुळली. आत्या मात्र जुळल्या नाहीत. त्या भिंतीच्या बऱ्याच पुढे उभ्या होत्या, आणि कॅमेरा सरकला की जवळच्या वस्तू दूरच्यांपेक्षा जास्त सरकतात. म्हणून त्यांचा वेगळा लेयर करून तो हातानं सरकवला, चौथ्या फ्रेममधल्या केसांच्या कडेशी त्यांचे केस जुळेपर्यंत.

मास्क करताना, म्हणजे लेयरचा कोणता भाग दिसेल आणि कोणता झाकला जाईल हे आखताना, एक गोष्ट लक्षात ठेवावी लागली. पाहुणा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ होता, म्हणून फोकसबाहेर. त्याच्या कोपराची कड अशी नव्हतीच, एक धूसर पट्टा होता. तो पट्टा मागच्या रंगात मिसळलेला असतो. दिसणाऱ्या कडेवरून मास्क कापला तर माणूस जातो आणि त्याची सावलीसारखी मळकट किनार मागे राहते. मी मास्क दिसणाऱ्या कडेच्या ३०-४० पिक्सेल पलीकडे नेला, तेव्हा कुठे ती किनार गेली.

बाहीला सगळ्यांत जास्त वेळ लागला, जवळपास दीड तास. सहाव्या फ्रेमपर्यंत नवरदेवाचा हात थोडा खाली आला होता, कोपरात कमी वाकलेला. बाहीचा तुकडा फिरवला, वार्प करून, म्हणजे ताणून-वाकवून, मनगटाच्या रेषेवर बसवला, चुण्यांची दिशा वरच्या बाहीशी जुळवली. उजेड जुळवायला कर्व्ह्ज. शेवटी सांध्यावर हीलिंग ब्रशचे तीन-चार छोटे फटकारे. बटण अर्धं चुणीत लपलेलं आहे, अर्धं दिसतं. ते आहे तसंच ठेवलं.

केबल

मालिकेचा उपयोग फक्त हलणाऱ्या गोष्टींना. केबल सातही फ्रेममध्ये तिथंच पडलेली होती. तिवईवर कॅमेरा ठेवून भरपूर फ्रेम घेतल्या तर मीडियन पद्धतीनं, म्हणजे प्रत्येक जागी सगळ्या फ्रेममधलं मधलं मूल्य घेऊन, येणारी-जाणारी माणसं आपोआप गाळता येतात, पण जे जागचं हलत नाही त्याला ती पद्धतही हात लावू शकत नाही.

फरशी चौकोनी टाइल्सची होती, म्हणजे सांध्यांच्या रेषा लांब जाताना एकमेकींकडे झुकणाऱ्या. माणसाची नजर पोत चुकलेला खपवून घेते, सरळ रेष तुटलेली नाही. म्हणून आधी फक्त रेषा जोडल्या. रिकामा लेयर, क्लोन स्टॅम्प, नमुना खालच्या सगळ्या लेयरमधून. त्याच सांध्यावर केबलच्या अलीकडे ऑल्ट-क्लिक, मग केबलवर त्याच रेषेत एक क्लिक, आणि शिफ्ट दाबून पलीकडे दुसरा. मधली रेष सरळ ओढली जाते. नमुना जवळून घ्यायचा, कारण दहा टाइल पुढचा सांधा बारीक असतो. सगळे सांधे जुळल्यावर मधल्या टाइल्स भरणं सोपं गेलं. तिथं हीलिंग ब्रशनं भराभर काम केलं.

बुटांपाशी मात्र हीलिंग ब्रश घात करतो. तो रंग कडेवरून जुळवतो, आणि कडेला काळा बूट असेल तर तो काळोख आत ओढून आणतो. फरशीवर धुरकट डाग पडतो. तिथं पुन्हा क्लोन स्टॅम्प, ब्रशची कड बरीच कडक, आणि काठोकाठ गेल्यावर थांबायचं. बुटांची फरशीवरची सावली केबलखालून गेली होती. ती तुटू दिली नाही. पाय जमिनीवर टेकलेले दिसतात ते सावलीमुळे. ती गेली की माणसं तरंगतात.

लाल उजेड

फलकामागे काय होतं हे कळायला फोटोग्राफरकडून सकाळचे, रिकाम्या सभागृहाचे फोटो मागवले. तिथं खांबाची एक उभी कड होती आणि साधी भिंत. दार नव्हतं. खांबाची कड फलकाच्या वर आणि खाली थोडी थोडी दिसत होती, ती मध्ये जोडली, उरलेली भिंत पॅच टूलनं (शेजारचा तुकडा आणून कडेशी मिसळणारं हत्यार) भरली, आणि भिंतीवर वरून खाली कमी होत जाणारा उजेड ग्रेडियंटनं पुन्हा दिला. पॅचमुळे दाणा थोडा घोटला गेला होता. करड्या रंगाचा लेयर ओव्हरले मोडमध्ये, म्हणजे खालच्या फोटोत मिसळेल असा, घेऊन त्यात नॉइज घातला, किंचित ब्लर केला आणि शेजारच्या भिंतीशी जुळेपर्यंत कमी-जास्त केला.

मग फरशीवरचा ओघळ. पहिली बुद्धी अशी की क्लोन करून पुसून टाकावा. पण नीट बघितलं तर ओघळाच्या आत टाइलचे सांधे स्वच्छ दिसत होते. फरशी तिथं खरी होती, तिच्यावर फक्त रंग पडला होता. चकचकीत जमिनीवर उभ्या वस्तूचं प्रतिबिंब तिच्या बुडापासून सरळ खाली, आपल्या दिशेनं उतरतं. त्यामुळे ओघळ कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे नेमकं धरता आलं. रंगाची छटा आणि तीव्रता बदलणाऱ्या ह्यू-सॅच्युरेशन लेयरमध्ये फक्त लाल रंग निवडून तो उतरवला, वर कर्व्ह्जनं उजेडही कमी केला. दुसरी पायरी बरेच जण विसरतात. लाल उजेड रंग तर देतोच, पण प्रकाशही देतो. नुसता रंग काढला तर तिथं करडा, पांढुरका पट्टा उरतो. एकही पिक्सेल हलवला नाही आणि ओघळ गेला.

बाहीची कड सोपी होती. कलर मोडचा, म्हणजे उजेडाला न शिवता फक्त रंग बदलणारा, रिकामा लेयर, कापडाचा खरा रंग पुढच्या बाजूनं उचलून मऊ ब्रशनं कडेवर हलका हात. मनगट अवघड. त्वचेतच लाल-नारिंगी असतं. लाल सरसकट उतरवला तर हात मेल्यासारखा दिसतो. मी तिचं दुसरं मनगट शेजारी उघडून ठेवलं, जिथं फलकाचा उजेड पोचत नव्हता, आणि त्याच्याकडे बघत बघत थोडं थोडं उतरवलं. जुळलं तिथं थांबले. चेहऱ्याला हात लावला नाही. तिथं लाल पोचलाच नव्हता, आणि चेहरा "थोडा उजळ" करायची मागणीही कुणी केली नव्हती.

तपासणी

शेवटी वर एक तात्पुरता कर्व्ह्ज लेयर ठेवला, रेषा करवतीसारखी वरखाली ओढलेली. फोटो भयानक रंगांत दिसतो, पण सांधा कुठे राहिला असेल तर तिथं ठळक वळ उमटतो. खांबाच्या कडेपाशी दोन सापडले, आणि फरशीवर एका टाइलचा डाग तीन ठिकाणी सारखाच उमटला होता. क्लोन स्टॅम्पची ही जुनी खोड. दुरुस्त करून फाइल बंद केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी पुन्हा बघितली. एकूण साडेचार तास.

ज्यांच्याकडे पैसे देऊन घेतलेलं सॉफ्टवेअर नाही त्यांनाही यातलं जवळपास सगळं करता येतं. गिंप मोफत आहे. त्यात क्लोन, लेयर, मास्क, कर्व्ह्ज आहेत, आणि हील टूल २००७ च्या २.४ आवृत्तीपासून आहे. फ्रेम हातानं जुळवाव्या लागतात, एवढंच. फोटोग्राफरशी बोलून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या: मालिकेतल्या बाजूला काढलेल्या फ्रेम प्रिंट होईपर्यंत जपायच्या, पाहुणे यायच्या आधी रिकाम्या जागेचे चारही बाजूंनी फोटो घ्यायचे, आणि आतून उजळणारा फलक दिसला तर तो थोडा वेळ बंद करायला सांगायचं. तिसऱ्या गोष्टीला अर्धं मिनिट लागलं असतं.

मूळ रॉ फाइल आणि सगळे लेयर असलेली फाइल, दोन्ही जोडप्याला दिल्या, आणि कोणत्या दोन फ्रेम जोडल्या आहेत तेही लिहून दिलं. आत्यांचं ते हसू काही क्षणांनंतरचं आहे. घरच्यांना हे माहीत असावं असं मला वाटलं. नवरीनं आत्यांनाही ते सांगितलं. त्यांनी फोटोची एक छोटी प्रत मागून घेतली.

प्रिंट लागल्यावर महिनाभरानं मी दुसऱ्याच कामासाठी ती फाइल उघडली. नवरदेवाच्या डाव्या मनगटावर, तिचा हात धरलेल्या मनगटावर, घड्याळ आहे. सहज मोठं करून बघितलं, तर घड्याळाच्या काचेत लाल फलक उभा होता, बाणासकट, तांदळाच्या दाण्याएवढा. प्रिंटवर तो अजून तिथंच आहे. मी दोघांना कळवलं आणि नवी प्रिंट माझ्याकडून काढून देते म्हणाले. नवरदेवाचं उत्तर आलं की त्यांनी दोघांनी जवळ जाऊन बघितलं, सापडला, आणि आता तो राहू द्या. माझ्याकडच्या फाइलमध्ये मी तो काढला आहे, स्वतंत्र लेयरवर. लेयर बंद केला की तो परत दिसतो.